झाकणाचा कप

९ मार्च

विहीणबाई,

काल संध्याकाळी सुखरूप घरी पोचले. जावईबापू नुसते दारात सोडून गेले नाहीत. कुलूप उघडून, खिडक्या उघडून, दूध आणून फ्रिजमध्ये ठेवून मगच निघाले. मुलगा चांगला वाढवलाय तुम्ही.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तुमच्याकडे फोन टेबलावर ठेवून सगळ्यांनी मिळून बोलायची पद्धत आहे, आणि मला जे म्हणायचंय ते व्याह्यांच्या आणि जावईबापूंच्या देखत म्हणवणार नाही. म्हणून पत्र.

मला तुमची माफी मागायची आहे. मुलीच्या खोलीचे पडदे शिवायला म्हणून आले आणि तुमचा गालिचा, पाहुण्यांची चादर, बेसिनची भिंत, सगळ्याची वाट लावून गेले. त्या दिवशी सकाळपासूनच पोटात ढवळत होतं. जेवायला बसलो तेव्हा तोंडात काहीतरी खारट आलं, लोखंड चाटल्यासारखं. व्याही तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या बंद पडलेल्या लिफ्टची गोष्ट सांगत होते, सगळे हसत होते. मुलीच्या सासरी, भरल्या टेबलावरून तोंडावर हात धरून कसं उठायचं? मी गिळलं. परत आलं, परत गिळलं. गोष्ट संपेपर्यंत बसले, शेवटी सगळ्यांबरोबर हसलेसुद्धा. मग खोलीत गेले आणि पुढचं तुम्ही पाहिलंच. एका माणसाच्या पोटात एवढं रक्त मावतं हे मला ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला रागावल्या. यकृत खराब झालं की रक्ताला तिथून पुढे वाट मिळत नाही, ते जठराच्या शिरांमध्ये तुंबतं, शिरा फुगतात आणि एखादी फुटते, असं त्यांनी समजावलं. मग तोंडातून दुर्बीण घातली आणि बारीक सुईनं त्या शिरेत एक प्रकारचा डिंक सोडला. रक्ताला लागताच तो घट्ट होतो आणि शीर बुजते. जन्मभर दुसऱ्यांचं शिवत आले आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला चिकटवावं लागलं. तुमच्या फोटोफ्रेमच्या धंद्यातली झाले म्हणायची.

हसण्यावारी नेता येत नाही ती एकच गोष्ट. त्या शिकाऊ डॉक्टरनं जावईबापूंच्या समोर, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, रोज किती पिता?" मी चादरीकडे बघत राहिले. जावईबापू बाहेर गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बुटकीला (लेकीचं लग्न झालं तरी माझ्या तोंडी तेच नाव येतं) सांगा की सारखा फोन करू नकोस. मी बरी आहे.

तुमची विहीण,
पडदेवाली

१५ मार्च

अहो विहीणबाई,

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. माफी कसली मागता? गालिचा आज ना उद्या जाणारच होता. थंड पाणी, मीठ आणि माझी दोन मनगटं, एवढ्यावर निघाला डाग. ब्रश ऐनवेळी सापडेना, तेव्हा हातानंच चोळला. नखांच्या कडेचं मात्र बरेच दिवस निघेना. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, लाल रंगाचं काम घेतलंय वाटतं? मी म्हणायची, हो, घाईचं होतं.

तुम्ही आमच्या ह्यांच्या गोष्टीपायी रक्त गिळत बसलात हे मी त्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून त्यांनी ती लिफ्टची गोष्ट सांगणं सोडलंय. तुम्ही या घरावर किती मोठे उपकार केलेत याची तुम्हाला कल्पना नाही.

आता कामाचं. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, महिन्याभरात पुन्हा दुर्बीण घालून बघायचं. डिंक नीट बसलाय का, शेजारची एखादी शीर उघडी राहिली आहे का, ते आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. राहिली असेल तर ती सांगून फुटत नाही. तुमच्या गावात ही सोय नाही, तेव्हा इकडेच यायचंय. खोली तयार आहे. चादर नवी घातली आहे, गडद रंगाची, म्हणजे तुम्हाला संकोच नको.

आणखी एक. मला आडून बोलता येत नाही, पण प्रयत्न करते. माणूस एकटं राहतं, दिवसभर मशीनवर पाय मारून अंग आंबतं, संध्याकाळ खायला उठते. अशा वेळी कुणाला कशाची सोबत लागली तर मी नावं ठेवणारी बाई नव्हे. माझा धाकटा भाऊ त्याच वाटेनं गेला. आम्ही त्याला समजून घेण्याऐवजी घालूनपाडून बोललो. ती चूक मी पुन्हा करणार नाही. एवढंच, जास्त बोलत नाही.

तारीख कळवा.

तुमची विहीण,
फ्रेमवाली

२४ मार्च

विहीणबाई,

तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही समजून घेतलंत, आभारी आहे.

एवढ्यात काही यायला जमणार नाही. एका नाट्यगृहाच्या पडद्यांचं काम अंगावर घेतलंय. मखमल आहे, सरकते, एकटीला आवरत नाही, वेळ लागणार. शिवाय इथे एक नवीन डॉक्टर आलेत, ते बघतात मला. तेव्हा काळजी नसावी.

बुटकीचे फोन उचलत नाही म्हणून ती तुमच्यापाशी तक्रार करत असेल. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. तुम्ही तिला काही सांगू नका.

तुमच्या हातांबद्दल विचारायचं होतं. काच कापताना तुमची बोटं कायम चिरलेली असतात, मी पाहिलंय. त्या दिवसांत होती का कुठे चीर? आणि तुम्हाला अलीकडे थकवा, अन्नावरची वासना जाणं, डोळे पिवळे दिसणं असं काही? नसेलच. सहज विचारलं.

माझा झाकणाचा स्टीलचा कप तुमच्याकडे राहिलाय. तो परत पाठवायची तसदी घेऊ नका. फेकून द्या. कुणी वापरू मात्र नका.

पडदेवाली

३० मार्च

विहीणबाई,

तुमच्या गावात नवीन डॉक्टर वगैरे कुणीही आलेलं नाही. मी चौकशी केली. माझ्या दुकानात तुमच्या गावचा एक मास्तर शाळेतले फोटो फ्रेम करायला येतो. खोटं बोलायचं तर जरा लांबचं बोलावं.

तेव्हा आता मीच खरं बोलते, कारण तुम्ही का येत नाही ते मला कळलंय आणि त्याला कारण मी आहे.

डॉक्टरांना ते मी सांगितलं. तुम्ही पिता, असं. तुम्हाला आत नेलं, पडदा ओढला आणि तो शिकाऊ पोरगा मला विचारायला लागला, काही सवय वगैरे? मला वाटलं लपवलं तर उपचार चुकतील. मी हळूच म्हटलं, थोडी घेत असाव्यात. त्यानं ते गावभर केलं, तो भाग वेगळा. पण तोंड माझं होतं.

मला हे सुचलं कशावरून, तर त्या कपावरून. तुम्ही आल्यापासून मी बघत होते. पिशवीतून काढायचा, चहा त्यातच, पाणी त्यातच, झाकण घट्ट, आणि झालं की स्वतः घासून परत पिशवीत. सूनबाईनं एकदा धुवायला उचलला तर तुम्ही झडप घालून काढून घेतलात. माझा भाऊ असंच करायचा. एकदा तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी झाकण उघडून वास घेतला. हो, पाहुण्यांच्या पिशवीत हात घालून. कसलाच वास नव्हता. एखाद्या शहाण्या बाईनं त्यावरून म्हटलं असतं की यात काही नाही. मी म्हटलं, बिनवासाची मिळते ती असणार.

तुमच्या मागच्या पत्रात तुम्ही आभार मानलेत तेव्हा मला आणखीच खात्री वाटली. मग परवा सूनबाई ओट्यापाशी उभी राहून रडली. म्हणाली, "आईनं आयुष्यात कधी थेंबाला हात लावलेला नाही. तिला वाटतंय की डॉक्टरांना मीच काहीतरी बोलले, म्हणून ती माझा फोन घेत नाही." आणि मी, तिची सासू, तिथेच उभी होते. तोंड उघडून 'मी बोलले' एवढं म्हणवलं नाही. तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मोठ्या मनाची बाई म्हणून वर तिनं माझाच हात धरला. लाज वाटली हो.

तर रागवा माझ्यावर, हक्क आहे तुमचा. पण इकडे येऊन रागवा. पोरीवर राग काढू नका आणि दुर्बिणीची तारीख चुकवू नका.

माझे हात ठणठणीत आहेत, बोटं नेहमीसारखी चिरलेली. भूक तर विचारूच नका. आणि कप फेकलेला नाही. एवढा चांगला कप, चहा गरम राहतो. सध्या दुकानात मीच वापरते.

तुमची ओशाळलेली विहीण,
फ्रेमवाली

६ एप्रिल

विहीणबाई,

तो कप वापरू नका, असं लिहायला बसले आणि मग आठवलं की तेवढी एकच गोष्ट तुम्ही खुशाल करू शकता. सगळं सांगते.

तुम्ही डॉक्टरांशी बोललात ते मला ठाऊक होतं. पडद्याच्या अलीकडे मी होते. दवाखान्याचे पडदे पातळ असतात, त्यांना अस्तर नसतं. मी शुद्धीवर होते, नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही, कारण मी पीत नाही असं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, मग यकृत कशानं गेलं? तुम्ही उत्तर देऊन टाकलंत आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मुलीच्या सासरी मला दारुडी समजले तरी चालेल, पण खरं कळायला नको. इथवर मी आले होते.

मला हिपॅटायटिस बी आहे. ही रक्तातली कावीळ, वर्षानुवर्षं गुपचूप यकृत खाते. मुलीचं लग्न व्हायच्या आधी मी कपड्यांच्या कारखान्यात होते, तिथे रक्तदानाचं शिबिर झालं. सगळ्यांना बिस्किटं मिळाली, मला बाजूला बोलावलं. दवाखान्यात एकदा गेले. दर सहा महिन्यांनी या म्हणाले. पण बाकावर ओळखीची एक बाई भेटली, "तुम्ही इकडे कुठे?" म्हणाली, आणि मी परत त्या दारात गेले नाही. कारण नेमकं तेव्हाच मुलांचं जमलं होतं आणि तुमचा होकार यायचा होता. तुम्ही बैठकीत सहज विचारलंत, घरात काही आजारबिजार? मी म्हटलं, छे, आमच्याकडे सर्दीसुद्धा पाहुण्यासारखी येते. तुम्ही किती हसला होतात.

तेव्हापासून कप वेगळा, ताट वेगळं, टॉवेल वेगळा. मला वाटायचं, एवढी काळजी घेतली की मी कुणाचं वाईट करत नाही. आता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कपाताटानं हा आजार जातच नाही. रक्तानं जातो. आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला जातो. म्हणजे ज्याला जपायची गरज नव्हती ते मी डोळ्यांत तेल घालून जपलं आणि पोटच्या पोरीचं रक्त एकदा तपासून आणावं, हे केलं नाही.

आणि तुम्ही. मी पलंगावरून बघत होते. तुम्ही गुडघे टेकून, चिरलेल्या बोटांनी, उघड्या हातांनी माझं रक्त पुसत होतात आणि वर मलाच "घाबरू नका" म्हणत होतात. हात लावू नका, एवढंच म्हणायचं होतं. तेही मी गिळलं.

रक्ताचा अहवाल आल्यावर डॉक्टरीणबाई माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगणार नाही. पण दोघींना तुम्ही आजच सांगा, मुलीला आणि ज्यांनी रक्त पुसलं त्यांना. त्यांना लस लगेच लागेल." मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी तुम्ही डबा घेऊन आलात, उशी नीट केलीत, आणि मी तुम्हाला म्हटलं, डाळ छान झालीय.

मी दुर्बिणीला भीत नाही. नळी घशातून जाते तेव्हा कुणी काही विचारत नाही. त्या बाई आधी विचारतील, "सांगितलंत का?" त्याची भीती आहे. नाट्यगृहाचं काम वगैरे काही नाही.

तुम्ही आधी रक्त तपासून घ्या. बुटकीला आणि जावईबापूंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला तोंड राहिलेलं नाही. चार दिवस झाले, शौचाला डांबरासारखं काळं होतंय. ते होतच असेल कदाचित.

पडदेवाली

११ एप्रिल

विहीणबाई,

परवा तुमचं पत्र मिळालं त्याच मिनिटाला मी फोन केला आणि "आत्ताच्या आत्ता जवळच्या दवाखान्यात जाऊन भरती व्हा, चिरंजीव गाडी घेऊन निघताहेत" एवढंच बोलून ठेवला. त्याहून जास्त बोलले असते तर भलतंसलतं बोलले असते. काळं होणं म्हणजे आतून रक्त झिरपणं, हे मलाही कळतं, आणि तुम्ही ते पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिता! तुम्हाला तिथे भरती करून चिरंजीव काल परत आले, आज तुम्हाला इकडे आणायला पुन्हा निघताहेत, तर हे पाकीट चिकटवून त्यांच्या हाती देतेय. त्यांना आत काय आहे ते माहीत नाही.

मी खोटं लिहिणार नाही. पत्र वाचून मी उठले आणि हात धुतले. महिना उलटून गेल्यावर! साबण लावून, कोपरापर्यंत. मग तो कप कचऱ्यात टाकला. मग पत्र परत वाचलं, कपानं काही होत नाही असं तुम्ही स्पष्ट लिहिलंय, तरी तो बाहेर काढायला माझा हात पुढे झाला नाही. तुमचा राग आला, इतका की दुकानात काच कापताना दोन तुकडे वाकडे गेले. उशी नीट करणाऱ्या बाईला तुम्ही डाळ छान झालीय म्हणता?

रक्त तपासून आले. मला काही झालेलं नाही. तपासणारी म्हणाली, तुमच्या रक्तात या आजाराच्या लशीचं संरक्षण आहे, कधी घेतली होती? मी आठवत राहिले. पोरांच्या लग्नाच्या आदल्या वर्षी चिरंजीव मला आणि ह्यांना ओढत घेऊन गेले होते आणि दंडात सुया टोचून घ्यायला लावल्या होत्या. लांबच्या सहलीला न्यायचंय, त्याला लागतात, म्हणाले. सहल काही झाली नाही. पण सुया उपयोगी पडल्या, नशीब माझं.

आणखी एक खरं. त्या बैठकीत तुम्ही सांगितलं असतंत तर मी नकार दिला असता. गोड बोलून, पत्रिकेचं की जागेचं काहीतरी कारण काढून, पण नकारच. पोरं कितीही रडली असती तरी. तेव्हा तुम्ही का लपवलंत हे मला विचारायचा हक्क किती आहे, ते मी तपासतेय.

सूनबाईला मी सांगणार नाही. ते तुमचं काम आहे. तिच्यासमोर बसून, तुमच्या तोंडानं. तुम्ही याल तेव्हा मी आणि हे माझ्या बहिणीकडे असू. रागावून जात नाही. मी समोर असले की तुम्ही पुन्हा पाहुण्यासारख्या वागाल, म्हणून जातेय.

फ्रेमवाली

१९ एप्रिल

विहीणबाई,

तुमच्याच घरातून, तुम्ही घातलेल्या गडद चादरीवर बसून लिहितेय.

दुर्बीण झाली. एक शीर उघडी राहिली होती आणि तीच झिरपत होती. तिच्यात पुन्हा डिंक सोडला. आता बंद आहे. अजून एकदा बघावं लागेल. यकृतासाठी रोजची गोळी सुरू झालीय, ती आधीच सुरू व्हायला हवी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलंच. मी म्हटलं, एकीला सांगितलं, दुसरीला आज सांगते.

बुटकी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. मी स्टुलावर बसले आणि तिच्या पाठीकडे बघत सगळं सांगितलं, शिबिरापासून. समोरून सांगायचं धैर्य नव्हतं. तिनं नळ बंद केला, पण वळली नाही.

म्हणाली, "आई, मला माहीत आहे."

मला वाटलं तुम्हीच बोललात. ती म्हणाली, "नाही. माझं. मलाही आहे ते. पहिल्या नोकरीच्या वेळी रक्त तपासलं होतं त्यांनी. माझं यकृत चांगलं आहे, सहा-सहा महिन्यांनी दाखवते, अजून औषध लागत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्याकडून आलं असणार हे तुला कळलं असतं. तू स्वतःला खाऊन टाकलं असतंस. तुला काही त्रास दिसत नव्हता. मी तुला इतक्यांदा म्हटलं, चल, सगळ्या तपासण्या करून घेऊ. तू नाही म्हणायचीस." मग ती वळली. "तेव्हा तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"मग मला तपासायला का नाही नेलंस?"

मी म्हटलं, तुझं लग्न मोडू नये म्हणून. ती म्हणाली, "त्याला मी लग्नाआधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं लस घेतली." आणि मग अगदी हळू म्हणाली, "मी तुझ्यासाठी लपवलं, आई. तू कोणासाठी लपवलंस?"

विहीणबाई, तिच्यासाठी, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण तिच्यासाठी असतं तर मी तिला कुठल्या तरी निमित्तानं दवाखान्यात नेलंच असतं. मी बाकावरच्या त्या बाईला भ्याले. एवढंच होतं ते. माझी पोर नोकरीच्या पहिल्या महिन्यात तो कागद हातात घेऊन एकटी घरी आली असेल, मी मशीनवर बसले असेन, आणि तिनं मला हसून 'जेवलीस का' विचारलं असेल. तो दिवस कोणता ते मला आठवतसुद्धा नाही.

ती त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. सकाळी मात्र गोळी आणून हातावर ठेवली, पाणी दिलं आणि मी गिळेपर्यंत उभी राहिली.

तुमच्या सुयांचा उलगडा तुम्हाला आता झालाच असेल. जावईबापूंवर रागवू नका. त्यांनी तुम्हाला का सांगितलं नाही हे मी विचारलं नाही, पण ते आईला ओळखून आहेत.

उद्या निघते. दोघं ऑफिसात असतील, किल्ली शेजारी ठेवते.

तुमची,
पडदेवाली

२८ एप्रिल

विहीणबाई,

आम्ही परत आलो. चिरंजीव स्टेशनवर घ्यायला आले होते. गाडीत हे पुढे बसले, मी मागे. मी मागूनच विचारलं, "सहलीच्या सुया कसल्या होत्या रे?" त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "आई, तू नाही म्हणाली असतीस." मी म्हटलं, "हो." ह्यांनी मध्येच घसा खाकरला, मला वाटलं आता लिफ्टची गोष्ट काढतात की काय. पण त्यांनी खिडकीची काच खाली केली.

पोटच्या पोरानं मला न सांगता माझ्या दंडात सुया टोचवल्या, कारण खरं सांगून मी ऐकणार नाही याची त्याला खात्री होती. त्या सुयांमुळेच मी आज ठणठणीत आहे, आणि मी त्याला नशीब म्हणत होते. कुणासमोर राग करू?

दार सूनबाईनं उघडलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली. ही पोर दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जायची आणि मला सांगायची, ऑफिसात उशीर होईल. मी एकदोनदा त्यावरून टोमणेही मारलेत. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "जेवण झालंय का?" मी नाही म्हणायचं तर तिला पुन्हा स्वयंपाकाला लागावं लागेल, आणि हो म्हणायचं तर खोटं. मी चपला काढत राहिले.

डॉक्टरांना तुमच्याबद्दल मी बोलले, ते तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "ते मला आईनं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही काळजीपोटी बोललात." असं म्हणून आत गेली. आत जाऊन रडली की नाही ते मला माहीत नाही, आणि दाराशी जाऊन ऐकायची माझी सवय मी सोडली आहे.

दुकानात जाते, काच कापते, घरी येते. ती नेहमीसारखी वागते, तेच सोसवत नाही. तुमच्या पुढच्या दुर्बिणीची तारीख मी डॉक्टरीणबाईंकडून परस्पर घेऊन ठेवली आहे, पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या सोमवारची. पण तोवर थांबू नका. या घरात सध्या मी एकटीच खाली मान घालून फिरते. तुम्ही या, म्हणजे दोघी होऊ.

तुमची,
फ्रेमवाली